इंगळे मॅडमच्या बरण्या

१९ सप्टेंबर. काम : अकोल्याला जाऊन इंगळे मॅडमच्या बरण्या आणणे.

फोन वर्षाचा आला होता. वर्षा ही मॅडमची भाची. निवृत्तीनंतर मॅडम तिच्याकडेच राहतात. "ताई, ह्यांची नाशिकला बदली झाली. आत्याला सोबतच नेतोय. पण तिच्या बरण्या कुठं कुठं नेऊ? भंगारवाल्याला देऊ, का तुम्ही नेता?"

"नेते," मी म्हटलं.

भातकुली रस्त्याला माझी रोपवाटिका आहे. बियाणं काचेत ठेवलेलं बरं, प्लॅस्टिकमध्ये ओल धरली की बुरशी येते. जुन्या जाड काचेच्या बरण्या आता सहज मिळत नाहीत. झाकणं नसणार हे मला ठाऊक होतं. मॅडम झाकणं फेकून देत आणि तोंडाला मलमल बांधत. झाकणांचं माझं मी बघून घेतलं असतं.

जायचं कारण एवढंच. मॅडमना भेटायला म्हणून मी गेले नसते. या बाईंनी माझ्या सुदामकाकांना एक शब्द दिला आणि तो पाळला नाही. काकांना त्या शब्दापर्यंत नेणारी मी होते. त्याला बरीच वर्षं झाली, पण मी विसरलेली नाही. तरीही बडनेऱ्याला गाडीत बसले आणि अकोला येईपर्यंत डोक्यात त्याच होत्या. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मॅडम अमरावतीच्या आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. बुटक्या, सावळ्या, चालणं तुरुतुरु. हातात बांगड्या नसत, रबरबँड असत. लाल, हिरवे, पिवळे, मनगटापासून वर चढत गेलेले. नव्या पोरी हसायच्या. मग एकदा बाहेर गेलं की कळायचं, बाई कुठल्याही झाडाची फांदी तोडणार, पिशवीतून बरणी काढणार, फांदी आत टाकणार, तोंडाला कापड लावणार आणि मनगटावरचा एक रबरबँड उतरवून त्यावर चढवणार. संध्याकाळी परत येताना हात जितका मोकळा तितका दिवस चांगला गेला.

त्यांचा विषय होता झाडावरच्या गाठी. सगळ्या नाहीत, फक्त गांधीलमाशीच्या जातीतले बारीक किडे ज्या गाठी करतात त्या. गांधीलमाशी म्हटलं की आपल्याला घराच्या वळचणीची, डसणारी आठवते. ही तशी नाही. ही खसखशीच्या दाण्याएवढी, कुणाला डसत नाही, फक्त कोवळ्या पानात नाहीतर देठात अंडं घालते. मग त्या जागी झाड फुगतं. आत अळी बसते, झाड तिला खोली बांधून देतं आणि जेवणही देतं.

"स्वतः काडी उचलत नाही," मॅडम म्हणायच्या, "झाडाकडून बांधून घेते. अन् प्रत्येकीचा नकाशा वेगळा."

ते मात्र खरंच बघण्यासारखं होतं. निलगिरीच्या पानाच्या मधल्या शिरेवर ओळीनं फुगवटे, आधी हिरवे, मग गुलाबी, मग तपकिरी. प्रत्येकाला टाचणीच्या टोकाएवढं भोक, माशी उडून गेल्याची खूण. पांगाऱ्याचं पान मात्र ओळखू येत नाही, सुजलेल्या बोटांसारखं जाड आणि वाकडं होतं. उंबरात तर गाठ बाहेरून दिसतच नाही. फळ म्हणतो ते आत वळलेल्या फुलांचं घर, त्यातल्या काही फुलांत माशी अंडं घालते आणि त्या फुलाचीच गाठ होते. वडाची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी. एक दुसरीच्या दारात जात नाही.

पहिल्या वर्षी आमच्या पुढ्यात त्यांनी पिकलेलं उंबर फोडलं. आतून किडे भुर्रकन उडाले. वर्गात किंचाळ्या. एकजण म्हणाली, "मॅडम, आम्ही लहानपणी हे खाल्लं हो!"

"मग? मेली नाहीस ना?" असं म्हणून मॅडमनी उरलेलं अर्धं तोंडात टाकलं आणि चावत चावतच फळ्यावर आकृती काढली. उंबराच्या पानावरच्या लाल फोडांकडे बोट दाखवून कुणी "ह्याही गाठीच ना?" म्हटलं की मात्र त्या चिडायच्या. "गाठी आहेत, पण आपल्या नाहीत. तो किडा वेगळ्या जातीचा. गाठ दिसली की माशीचं नाव घ्यायचं नाही. आधी काय निघतं ते बघायचं."

हाच त्यांचा एकमेव नियम होता. फोडू नको, थांब. गाठ वरून ओळखायची नाही, ब्लेडनं कापायचीही नाही. बरणीत ठेवायची आणि आपणहून कोण बाहेर येतं ते पाहायचं. त्यातही एक मेख होती, आणि ती त्या दर वर्षी नव्यानं आवडीनं सांगत. जो बाहेर आला तो गाठ करणाराच असेल असं नाही. दुसरी एक माशी येते, गाठीत सुई खुपसून आपलं अंडं सोडते. तिची अळी पहिलीची अळी खाते आणि मग तीच घरातून ऐटीत बाहेर पडते. "म्हणून एकावर थांबू नये. एक निघाली की लगेच निकाल देतो तो मूर्ख. दुसरी उशिरा येते."

प्रयोगशाळेतली ब्लेडं त्या कपाटात ठेवत आणि किल्ली कमरेला. कुणी मागितली तर विचारत, "काय घाई आहे? लग्न आहे का घरी?"

एकदा चांदूर रेल्वेहून येताना त्यांनी निलगिरीची अख्खी फांदी एसटीत चढवली. मी सोबत होते. कंडक्टर आला. फांदीकडे बघत म्हणाला, "बाई, ह्याचं तिकीट?"

"झाडाला कुठं लागतं तिकीट?"

"जागा घेऊन राह्यलं न ते. माणसं उभी आहेत."

"तेही उभंच आहे," मॅडम म्हणाल्या.

अख्खी गाडी हसली. कंडक्टरनं तिकीट फाडलं नाही, पण उतरताना विचारलंच, "पण कामाचं काय आहे त्याच्यात? पानं तर सडकी दिसून राह्यली."

"सडकी नाहीत. भाडेकरू आहेत." आणि उतरणारी माणसं खोळंबलेली असताना, दारात उभं राहून, त्यांनी त्याला सगळं समजावलं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तेव्हा कुठं उतरल्या.

सेमाडोहच्या सहलीत मात्र पोरं त्यांच्यावर संतापली होती. पहाटेची जीप, गाइड, सगळ्यांच्या डोळ्यांत वाघ. वाटेत थांबल्यावर मॅडमना एका झाडावर कुठलीशी गाठ दिसली. सगळ्यांना उतरवलं, पानं उलटी करायला लावली, बरण्या भरल्या. तेवढ्यात पुढच्या जीपवाल्यांना वाघ दिसला. ते परत येऊन फोटो दाखवत होते आणि आमची पोरं रडकुंडीला आली होती.

"वाघ पुढच्या वर्षीही असेल," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "ही गाठ आठ दिवसांत गळून पडली असती."

एक पोरगा म्हणाला, "मॅडम, पुढच्या वर्षी आम्ही नसू न!"

त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू ही बाब त्यांच्या लक्षातच आली नव्हती. तेव्हा मी हसले होते. पुढे मला तो चेहरा पुष्कळदा आठवला. समोरचा माणूस हंगामात बसत नसेल तर तो मॅडमना दिसत नसे.

शिकून झाल्यावर मी त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. तास संपले की मॅडमच्या बरण्या सांभाळायचे. त्याच पावसाळ्याच्या सुरुवातीला सुदामकाका अमरावतीला आले. पिशवीत पांगाऱ्याचा फुटवा होता.

आमचं गाव अंजनगावकडचं. काकांचा पानमळा. विड्याच्या पानाचा वेल चढतो तो जिवंत झाडाच्या आधारानं, आणि काकांच्या मळ्यात तो आधार पांगाऱ्याचा. पांगारा गेला की वेल मातीत. काकांनी फुटवा टेबलावर ठेवला. पानं सुजलेली, देठ जाड झालेला.

"बाई, हे काय झालं? अर्ध्या मळ्याले आहे. शेजारचे म्हणून राह्यले तोडा अन् जाळा. शेवरी लावा अन् वेल तिच्यावर घ्या. मी म्हटलं, आमची उज्वला कॉलेजात आहे, तिच्या बाईले इचारू."

मॅडम दुसऱ्याच दिवशी गावी आल्या. पानमळ्यात चप्पल घालून कुणी जात नाही, ती रीत आहे. पण बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. मॅडमनी कुणी सांगायच्या आत कुंपणाशी चपला काढल्या आणि चिखलात अनवाणी शिरल्या. काकांनी ते पाहिलं. तिथंच त्यांचा विश्वास बसला. मला नंतर म्हणाले, "बाई आपली आहे."

मॅडम प्रत्येक झाडापाशी थांबल्या. बाहेर आल्या तेव्हा मनगटावर एकही रबरबँड नव्हता.

"हा किडा बाहेरून आलेला आहे," त्या काकांना म्हणाल्या. "आपल्याकडे आधी नव्हता. आता प्रश्न असा, की ह्याला खाणारी दुसरी माशी ह्याच्यामागं आली आहे का. आली असेल तर ती पांगारा वाचवेल. अशा वेळी तुम्ही झाडं जाळली तर तीही जळेल. म्हणून तोडू नका. फवारू नका. थांबा."

"अन् नसन आली तर?"

"तर तोडा."

"मंग मले केव्हा कळन?"

"बरणीतून काय निघतं ते मी पहिलं तुम्हाला सांगेन."

काका माझ्याकडे वळले. "काय उज्वला?"

"मॅडम म्हणतात तर थांबा," मी म्हटलं. म्हणायचं काही कारण नव्हतं असं नाही. इतकी वर्षं त्यांनी दुसरं काही शिकवलंच नव्हतं.

आमच्या मळ्याच्या बरण्या मॅडमनी कॉलेजात ठेवल्या नाहीत. "इथं उंदीर फार," म्हणून घरी नेल्या. मी दर दोन-चार दिवसांनी विचारायची, "निघालं का काही?"

"निघतंय."

"काय?"

"अर्धवट बोलू नये. थांब."

श्रावण गेला. शेजारच्यांनी आपले पांगारे तोडून जाळले, शेवरी रोवली, वेल उतरवून पुन्हा बांधले. निम्मे गेले, निम्मे राहिले. काकांना बांधावरून ओरडून चिडवायचे, "काय सुदामराव, बाईची चिठ्ठी आली का?" काका म्हणायचे, "येईन. बाई सांगन मले." भादव्यात पांगाऱ्याची पानं गळाली. नवी पालवी फुटायची तीही सुजलेलीच. मग खोडं वरून वाळत आली, आणि एका वादळी पावसात आधारासकट वेल आडवे झाले. तेव्हाही काका मला फोनवर म्हणाले, "बाईनं काही सांगतलं नाही म्हणजे आशा असन."

हिवाळ्यात कॉलेजात परिसंवाद झाला. बाहेरची मंडळी आली होती. मॅडमनी मला मुद्दाम सांगितलं, "काकांना घेऊन ये. त्यांचा मळा दाखवणार आहे."

मी त्यांना घेऊन गेले. धुतलेला सदरा, टोपी, आणि जो काही मळा उरला होता त्यातल्या पानांचा ओल्या फडक्यात बांधलेला पुडा मॅडमसाठी. सभागृहाच्या दारात काकांनी चपला काढल्या. मी म्हटलं, "काका, इथं चालतात." ते म्हणाले, "असू दे."

पडद्यावर आमचा मळा आला. आधी हिरवा, मग सुजलेला, मग आडवा. काका माझ्या कानाशी म्हणाले, "आपलाच होय न?" मॅडम इंग्रजीतून बोलत होत्या. आवाजात मी कधी न ऐकलेला आनंद होता. शेवटी त्यांनी काकांचं नाव घेतलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, काही जण वळून बघायला लागले. काका उठून उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांना हात जोडले.

खाली बसून विचारलं, "काय म्हणून राह्यल्या बाई?"

मी सांगितलं. काय सांगणार दुसरं? त्या म्हणत होत्या, की हा मळा संपूर्ण हंगाम ना छाटला गेला ना फवारला गेला, असा मिळणं दुर्मीळ. पहिल्या बरणीपासून शेवटच्या बरणीपर्यंत गाठ करणारी एकच माशी निघाली. तिला खाणारी दुसरी एकही नाही. हे शेतकऱ्याच्या सहकार्यामुळं शक्य झालं.

 प्रश्नोत्तरं सुरू झाली तसे काका पुन्हा उठले. कुणीतरी माइक आणून दिला, त्यांनी तो धरला नाही.

"बाई," ते म्हणाले, "दुसरी नाही निघत, हे तुमाले केव्हा माहीत झालं?"

मॅडमनी चष्मा काढला. "श्रावणातच अंदाज आला होता. पण अंदाज म्हणजे…"

"अन् मले केव्हा सांगतलं?"

सभागृहात कुणीतरी खोकलं. 

"आज," काकाच म्हणाले. "अन् तेही हिनं सांगतलं." आणि ते बाहेर गेले. पानांचा पुडा खुर्चीवरच राहिला.

मॅडमना मी व्हरांड्यात गाठलं. मी रडले वगैरे नाही. विचारलं, "श्रावणात सांगितलं असतं तर शेजाऱ्यांसारखा त्यांचा निम्मा मळा वाचला असता. काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर त्यांनी तोडलं असतं."

"हो. तोडलंच असतं."

"मग कसं कळलं असतं? दुसरी उशिरा येते, उज्वला. तुला मी पहिल्या वर्षापासून सांगतेय. आता पूर्ण हंगाम हातात आहे. आणि मी खोटं तर काही बोलले नाही."

ते खरं होतं. खोटं एक अक्षर बोलल्या नव्हत्या. "पहिलं तुम्हाला सांगेन" हे त्यांचं वाक्य होतं, आणि त्यांना ते आठवतसुद्धा नव्हतं. मी आठवण करून दिली तर म्हणाल्या, "असं म्हटलं होतं का मी?" मुद्दाम टाळत नव्हत्या, खरंच आठवत होत्या आणि सापडत नव्हतं. सेमाडोहच्या पोराकडे पाहिलं होतं तोच चेहरा. माणसानं बेइमानी करावी आणि ती त्याच्या लक्षातही राहू नये, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

वर्ष संपल्यावर मी कॉलेज सोडलं. शिकवणं नकोच वाटायला लागलं होतं. काकांनी मळ्यात शेवरी लावली. शेवरी लवकर वाढते आणि लवकर मोडते, दर थोड्या वर्षांनी नवी लावावी लागते. पांगारा मुळापासून मरत नाही, बांधावर त्याचे फुटवे येत राहतात. काका दर वर्षी दसऱ्याच्या आधी ते छाटून जाळतात. मी एकदा म्हटलं, राहू द्या एखादा. म्हणाले, "दिसला की मले थो दिवस दिसते."

अकोल्याचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. दार वर्षानं उघडलं. सामान बांधून झालेलं, बरण्या दोन खोक्यांत. मॅडम गॅलरीत खुर्चीवर बसल्या होत्या. फार वाळल्यात. मनगटावर एक रबरबँड.

"आत्या, उज्वलाताई आल्यात."

"ये. इकडं ये. आधी हे बघ." नमस्कार नाही, कशी आहेस नाही. कठड्यावर एक बरणी होती, मलमल बांधलेली, आत पांगाऱ्याची फांदी. "मागच्या पडीक जागेत एक पांगारा आहे. वर्षाच्या नवऱ्याकडून तोडून आणवली. मला आता बारीक दिसत नाही. मोतीबिंदू नाही म्हणतात, आतलंच काही गेलंय. वर्षा म्हणते चिलटं आहेत."

"मला काय कळतंय त्यातलं," वर्षा आतून म्हणाली.

"सांग. एक की दोन?"

मी बरणी उजेडात धरली. भिंग तिथंच, दोरीनं कठड्याला बांधलेलं होतं. काचेवर बऱ्याच जणी चालत होत्या. खसखशीएवढ्या, पिवळट तपकिरी, त्या ओळखीच्या. मग एक वेगळी दिसली. काळी कुळकुळीत, ठुसकी, पाठीत बाक असलेली. मग अजून एक तशीच. मी बराच वेळ पाहिलं, कारण चुकायचं नव्हतं.

"दोन," मी म्हटलं.

"काळी?"

"काळी."

मॅडमनी मांडीवर हात आपटला. चेहरा असा उजळला, की क्षणभर त्या मला फळ्यापुढं उंबर चावताना दिसल्या. "बघ! म्हटलं होतं की नाही? उशिरा येते. थांबायला हवं होतं!"

मी बरणी कठड्यावर ठेवली. 

"मॅडम, थांबायचं का तोडायचं हे काकांनी ठरवायचं होतं. तुम्ही त्यांना ठरवू दिलं नाही."

"कोणते काका?"

"अंजनगावचे. पानमळा."

"हां हां. सुदाम. भला माणूस. चप्पल काढून यायचा." थोडं थांबून म्हणाल्या, "त्याला सांग की. खूश होईल."

"तुम्हीच सांगा. फोन लावून देते." मी खरंच लावायला घेतला.

त्यांनी मान हलवली. "नको. मला नीट ऐकू येत नाही फोनवर. तू सांग. अन् आताच नको. हंगाम पूर्ण होऊ दे. अजून किती निघतात ते बघू, प्रमाण किती पडतं ते कळल्याशिवाय…"

"काका दसऱ्याआधी फुटवे जाळतात," मी म्हटलं. "त्यांच्या बांधावरही ही आली असेल तर तीही जाळतील."

"म्हणून काय झालं? अर्धवट बोलू नये."

मी बरणी उचलली. "ही नेते."

"ती नको. बाकीच्या ने. ती चालू आहे."

"चालू आहे म्हणूनच नेते."

त्या माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाकडे, बघत राहिल्या. मला वाटलं ओरडतील. मग त्यांनी मनगटावरचा रबरबँड काढला आणि पुढं केला. "गाडीत हलेल. अजून एक चढव. कापड निसटलं तर सगळ्या जातील."

मी तो घेतला आणि चढवला. आभार मानले नाहीत.

वर्षाचा नवरा खोकी खाली घेऊन आला. ऑटोत बसताना मी वर पाहिलं. मॅडम उठून कठड्याशी आल्या होत्या. बरणी असायची त्या जागी त्यांचा हात फिरत होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि पुन्हा परत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोपवाटिका कामाच्या बायांवर सोपवली आणि पहिल्या गाडीनं गावी गेले. काका मळ्यात होते. कुंपणाशी चपला काढल्या आणि आत गेले. काचेतल्या काळ्या माश्या त्यांना बोटानं दाखवल्या, कोण गाठ करते आणि कोण तिला खाते ते सांगितलं. तोडा म्हटलं नाही, थांबा म्हटलं नाही.

काकांनी बरणी न घेता आधी माझ्याकडे पाहिलं.

"केव्हा माहीत झालं तुले?"

"काल दुपारी," मी म्हटलं, आणि बरणी त्यांच्या हातात दिली.